झेंडा झाकून राज्य वाचायची माझी रीत

आमच्याकडे गणपतीत ऋषीपंचमीची भाजी खाऊन झाली, की ताटं उचलायच्या आधी एक भांडण ठरलेलं असतं. धाकटे दीर सुरुवात करतात, "उद्योगांना मोकळीक देणारं सरकार असलं की राज्य वर येतं. गुजरात बघा." माझी भाची लगेच उसळते, "काका, तिथली मुलं किती खुरटलीत ते बघितलंत का? केरळ बघा. डाव्यांनी घडवलं." मग दोघंही माझ्याकडं वळतात. "वहिनी, तुम्ही राहिलाय तिकडं." "आत्या, तूच सांग गं."

राहिले आहे खरी. एका सरकारी बँकेत ३६ वर्षं काढली आणि बढतीबरोबर बदली येत गेली. १९८९ मध्ये मिरजेहून थेट त्रिशूर, १९९४ मध्ये सुरत, १९९९ मध्ये बर्धमान. लाल, तिरंगी, भगवं, सगळ्यांच्या राज्यात पगार घेतला, भाजी आणली, नळाला पाणी कधी येतं ते पाठ केलं. पण एखाद्या ठिकाणी राहिलं की माणसाकडं मत तयार होतं, उत्तर नाही. त्यासाठी मी निवृत्तीनंतर एक दोनशेपानी वही घातली. राज्याची विचारसरणी तिथला पैसा आणि तिथलं जगणं ठरवते का, हा वाद तुमच्याही घरी पेटत असेल तर ही वही कशी घालायची ते सांगते. एक शनिवार-रविवार पुरतो.

पान मधोमध दुमडा

भांडण मुळात होतं ते "पुढारलेलं राज्य" या शब्दावरून. दिरांच्या डोक्यात पुढारलेलं म्हणजे कारखाने, भाचीच्या डोक्यात पुढारलेलं म्हणजे जगलेली बाळं. दोघं दोन वेगळ्या गोष्टींवर भांडतात आणि दोघांनाही वाटतं आपण जिंकलो. म्हणून पान दुमडायचं. डावीकडं लिहायचं "पैसा", उजवीकडं "जगणं".

पैशाखाली एकच आकडा पुरे: दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीच्या किती टक्के आहे. जगण्याखाली मी तीन घेते. हजार जन्मांमागं वर्षाच्या आत किती बाळं जातात, पाच वर्षांखालच्या किती मुलांची उंची वयाच्या मानानं खुंटलेली आहे, आणि साक्षरता. यातला खुंटलेल्या उंचीचा आकडा माझा सगळ्यात लाडका, कारण तो जाहिरातीनं बदलत नाही. दोन-तीन वर्षांचं जेवण, पाणी, संडास आणि आईची तब्येत, सगळं त्या उंचीत मुरलेलं असतं.

माझ्या वहीचं पहिलं पान असं आहे. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेच्या २०२४ च्या टिपणाप्रमाणे २०२३-२४ मध्ये गुजरातचं दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीच्या १६०.७ टक्के, महाराष्ट्राचं १५०.७ आणि पश्चिम बंगालचं ८३.७. आता उजवीकडं या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत उंची खुंटलेली मुलं गुजरातमध्ये ३९ टक्के, महाराष्ट्रात ३५.२ आणि बंगालमध्ये ३३.८. देशाची सरासरी ३५.५. म्हणजे पैशाच्या रांगेत शेवटी उभा असलेला बंगाल इथं तिघांत पुढं, आणि आपला महाराष्ट्र खिशात दीडपट पैसा असून देशाच्या सरासरीला जेमतेम चिकटलेला. अर्भकमृत्यूचा दर २०२० मध्ये गुजरातेत २३, बंगालमध्ये १९, महाराष्ट्रात १६ आणि केरळात ६.

हे पान दाखवल्यावर दीर बराच वेळ चष्मा पुसत बसले. पण भाचीनं टाळी वाजवायच्या आधी तिलाही सांगितलं, बाई गं, अजून एकच पान झालंय.

आकडे घेताना माझ्यासारखी फसू नका. मी पहिल्या वर्षी एका राज्याचा आकडा चालू किमतींचा आणि दुसऱ्याचा स्थिर किमतींचा घेतला आणि अर्धा तास त्यावर भाषण ठोकलं. चालू किमतींत महागाईही मिसळलेली असते, त्यामुळं दहा वर्षांत राज्य दुप्पट झालं असं दिसतं आणि प्रत्यक्षात निम्मी वाढ तेलाच्या डब्याच्या भावाची असते. एकाच राज्याची दोन वर्षं ताडून पाहायची तर स्थिर किमती, म्हणजे दोन्ही वर्षं एकाच वर्षाच्या भावानं मोजलेली. दोन राज्यं एकाच वर्षात पाहायची तर दोन्हीकडं एकाच जातीचा आकडा. आणि एकूण उत्पन्न कधीच नाही, नेहमी माणशी. नाहीतर उत्तर प्रदेश केरळापेक्षा श्रीमंत ठरतो.

हे सगळं फुकट मिळतं. महाराष्ट्राची "आर्थिक पाहणी" दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी विधिमंडळात मांडली जाते, ती मराठीतही असते आणि तिच्यात जिल्ह्यांचे आकडेही असतात. रिझर्व्ह बँक सगळ्या राज्यांची सांख्यिकी पुस्तिका एकत्र काढते. मोबाईलवर फिरणारी रंगीत चित्रं सोडून द्या, त्यांच्या खाली वर्ष लिहिलेलं नसतं.

पक्ष यायच्या आधीचं पान शोधा

कर्ज मागायला माणूस आला की आम्ही आजचा धंदा नंतर विचारायचो, आधी विचारायचो, "याआधी काय करत होता?" राज्यालाही तेच विचारायचं.

केरळात पहिलं कम्युनिस्ट सरकार आलं ५ एप्रिल १९५७ ला, नंबुद्रीपादांचं. भाचीचं सगळं केरळ तिथून सुरू होतं. पण १९५१ च्या जनगणनेत, म्हणजे हे सरकार यायच्या सहा वर्षं आधीच, आजच्या केरळाच्या हद्दीत साक्षरता ४७ टक्के होती. देशाची १८. आपल्या महाराष्ट्राच्या हद्दीतली २८. म्हणजे शर्यत सुरू व्हायच्या आधीच केरळ अर्ध्या मैदानात होता. त्रावणकोरच्या राणी गौरी पार्वतीबाईंनी १८१७ मध्येच शिक्षणाचा खर्च सरकारनं उचलावा असं फर्मान काढलं होतं. मिशनऱ्यांच्या शाळा होत्या. नारायण गुरूंची जातिभेदाविरुद्धची चळवळ होती. अय्यंकाळींनी तर दलित पोरांना शाळेत घेत नाही तोवर शेतावर काम नाही, असा संप घडवला. यातलं काहीच कुठल्या पक्षाच्या जाहीरनाम्यातून आलेलं नाही. उलट मला तर वाटतं, वाचणाऱ्या आणि हक्क मागायची सवय लागलेल्या माणसांनी कम्युनिस्टांना निवडून दिलं. गाडी आणि बैल यांचा क्रम भाचीनं उलटा लावला होता.

पण इथं थांबलात तर तिच्यावर अन्याय होईल. आजच्या केरळाचा उत्तरेचा भाग, मलबार, ब्रिटिशांच्या मद्रास इलाख्यात होता आणि त्रावणकोर-कोचीनच्या मानानं पुष्कळ मागं होता. १ नोव्हेंबर १९५६ ला एक राज्य झालं आणि पुढच्या काही दशकांत मलबारनं ते अंतर बरंचसं भरून काढलं. राणीचं फर्मान मलबारला लागू नव्हतं. तेव्हा नंतरच्या सरकारांच्या शाळा-दवाखान्यांना त्यांचं श्रेय द्यायलाच हवं.

गुजरातचंही तेच. दिरांचं गुजरात १९९५ मध्ये भाजपचं सरकार आल्यावर सुरू होतं. पण आणंदचा दूध संघ १९४६ चा. राज्य झालं १ मे १९६० ला आणि त्याच वेळी ते देशाच्या सरासरीच्या वर होतं. औद्योगिक वसाहती उभारणारं महामंडळ १९६२ चं, तेव्हा सरकार काँग्रेसचं. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं होतं. तिथल्या आपल्या मराठी मंडळींना विचारा, ते अजून छाती फुगवून सांगतात. सुरतेचा व्यापारी तर शिवाजी महाराजांच्या आधीपासून श्रीमंत, नाहीतर महाराज तिथं गेलेच नसते.

एकच झेंडा, दोन राज्यं

ही वहीतली सगळ्यात कामाची पानं. केरळात डावे, बंगालमध्येही डावे. बंगालमध्ये तर १९७७ ते २०११, सलग ३४ वर्षं. विचारसरणीच सगळं ठरवत असती तर दोन्ही पानं सारखी दिसली असती. १९६०-६१ मध्ये बंगालचं दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीच्या १२७.५ टक्के होतं. ते घसरत ८३.७ वर आलं. देशाच्या उत्पन्नातला त्याचा वाटा १०.५ टक्क्यांवरून ५.६ वर.

दीर हे ऐकून खुश झाले. पण घसरणीची कारणं वेगळी काढायला हवीत. फाळणीत तागाच्या गिरण्या कोलकात्यात राहिल्या आणि तागाची शेतं पलीकडं गेली. निर्वासितांचे लोंढे १९४७ ला आले, १९७१ ला आले. १९५० च्या दशकात केंद्रानं लोखंड-पोलादाची रेल्वे वाहतूक अशा रीतीनं बांधली की देशभर माल एकाच भावात मिळावा. हे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चाललं. दुर्गापूर-आसनसोल तेव्हा आमच्या बर्धमान जिल्ह्यातच होतं. पोलाद दाराशी, पण त्याचा भाव पुण्या-मुंबईच्या कारखानदाराला पडेल तेवढाच. आपल्या कारखानदारीला याचा फायदा झाला, हे महाराष्ट्रात कुणी बोलत नाही. यावर घेराव, संप, बंद यांची भर पडली, ती डाव्यांच्या खात्यावर मांडायची, सूट नाही. आणि २०११ ला डावे गेले, तरी घसरण काही लगेच थांबली नाही, तेही लिहायचं.

आता त्याच बर्धमानमधली दुसरी गोष्ट. २००० च्या जानेवारीत, बोरो म्हणजे उन्हाळी भाताच्या हंगामाआधी, एक साठीचा माणूस शाखेत आला. लुंगी, वर विटका स्वेटर. त्यानं काखेतून बिस्किटाच्या पुड्याचं प्लास्टिक काढलं, त्यात वर्तमानपत्र, त्यात आणखी एक प्लास्टिक आणि त्यात चार घड्या घातलेला एक कागद. परचा. घड्यांवर तो इतका झिजला होता की मी तो टेबलावर ठेवूनच वाचला, हातात धरायची हिंमत झाली नाही. त्यावर लिहिलं होतं की हा माणूस अमुक जमिनीचा नोंदलेला बर्गादार, म्हणजे आपल्याकडचा वाटेकरी. आमचे बंगाली फील्ड ऑफिसर म्हणाले, "मॅडम, द्या. हा कागद असलेला माणूस कुठं जात नाही." खत आणि पाण्याच्या पंपाच्या भाड्यासाठी त्याला पीककर्ज दिलं. भात निघाल्यावर त्यानं ते फेडलं, आणि परचा त्याच क्रमानं पुन्हा गुंडाळून नेला.

त्या कागदाची गंमत अशी की वाटेकऱ्याच्या हक्काचा मूळ कायदा १९५५ चा, काँग्रेसच्या काळातला. वीस वर्षं तो बहुतेक पुस्तकातच पडून होता, कारण नोंद करायची तर जमीनदारासमोर तोंड उघडायला हवं. १९७८ पासून डाव्यांच्या सरकारनं "ऑपरेशन बर्गा" नावानं अधिकारी संध्याकाळी गावात पाठवले, कुळांना एकत्र बसवलं आणि चारचौघांत नावं लिहून घेतली. अशा १४ लाखांवर नोंदी झाल्या. बी-बियाणं, खत वाटेकऱ्याचं असेल तर पिकाचा पाऊण हिस्सा त्याचा. तेव्हा विचारसरणीनं काहीच फरक पडत नाही, असं मला कुणी म्हणालं की मला तो कागद दिसतो. फरक पडतो. पण झेंडा फडकवून नाही. नोंदवही घेऊन कुणीतरी संध्याकाळी गावात गेलं, म्हणून पडतो. वहीत विचारसरणीपुढं हाच रकाना करा: "कायदा कुठला, नोंद कुणाची, किती जणांची." तो भरता आला नाही, तर त्या विचारसरणीनं भाषणाखेरीज काही केलं असं धरू नका.

किल्ली कुणाच्या हातात, ते विचारा

ऑगस्ट १९९० मध्ये इराकनं कुवेत घेतला. त्रिशूरच्या आमच्या शाखेत परदेशी ड्राफ्टचा वेगळा काऊंटर होता. सोमवारी सकाळी तिथं बायकांची रांग दारापर्यंत यायची, पासबुक रुमालात बांधलेलं. नवरा कुवेतला, पैसे महिन्याला यायचे. त्या महिन्यात रांग तेवढीच लांब होती, फक्त ड्राफ्ट एकाच्याही हातात नव्हता. त्या नुसत्या विचारायला आल्या होत्या, काही आलंय का. सरकारनं विमानांनी लाखाहून जास्त भारतीय परत आणले, त्यातले पुष्कळ केरळचे. पुढं काही महिने घरं अर्धी बांधून थांबलेली दिसायची, विटा रचलेल्या, वर गवत.

तेव्हा केरळात डाव्या आघाडीचं सरकार होतं. काँग्रेसचं असतं तरी त्या बायका तशाच उभ्या राहिल्या असत्या. म्हणून प्रत्येक गोष्टीपुढं लिहायचं: राज्याच्या हातात, केंद्राच्या, की कुणाच्याच नाही. पोलीस, शेती, जमीन, पाणी, दवाखाने राज्याकडं. शिक्षण १९७६ च्या घटनादुरुस्तीपासून दोघांकडं. रेल्वे, बँका, चलन, आयात कर केंद्राकडं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यापासून राज्याला स्वतःच्या मर्जीनं फिरवता येतील असे मोठे कर म्हणजे पेट्रोल-डिझेल, दारू, मुद्रांक शुल्क, असे मोजकेच उरले. ज्याच्या हातात किल्लीच नाही त्याला कुलूप का उघडलं नाहीस विचारण्यात अर्थ नाही. आणि उघडलं म्हणून हार घालण्यातही.

केरळची दुसरी बाजूही सांगते, नाहीतर भाची मला आपल्या गटात ओढेल. माझं सामान मिरजेहून ट्रकनं आलं तेव्हा आमच्याच शिपायांनी आणि ट्रकवाल्यानं ते उतरवलं. चार युनियनवाले भिंतीला टेकून बघत होते. शेवटचं कपाट आत गेल्यावर ते पुढं आले आणि त्यांनी मजुरी मागितली. बघण्याची. तिला तिकडं नोक्कुकूली म्हणतात, नोक्कु म्हणजे बघणं. मी दिली, कारण आत शिरायचं होतं. पुढं २०१८ मध्ये डाव्यांच्याच सरकारनं ती बंद केल्याचं जाहीर केलं. तिथं कारखाना काढायला माणूस का कचरतो आणि शिकलेली पोरं दुबईचं तिकीट का काढतात, हे समजायला मला ते एक कपाट पुरलं. आणि असं वसूल करण्यात लाल झेंड्याची युनियन होती तशी तिरंगी झेंड्याचीही होती.

एकच सरकार, दोन गावं

हे थोडक्यात, कारण आपल्याला घरबसल्या दिसतं. २०११ च्या जनगणनेत मुंबई उपनगराची साक्षरता ८९.९ टक्के, नंदुरबारची ६४.४. मुख्यमंत्री एक, सरकार एक, अर्थसंकल्प एक. अनुशेष मोजायला १९८० च्या दशकात दांडेकर समिती बसली, नंतर केळकर समिती बसली. विचारसरणी साऱ्या राज्यावर सारखी पसरलेली असते. पाटाचं पाणी तसं पसरत नाही. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाकडं होता, हेही लिहा, पण ते कारण किती वर्षं वापरायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

सुरतेत मी उतरले आणि सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगची साथ आली. लोक मिळेल त्या गाडीनं पळाले, शाखेत आम्ही तोंडाला रुमाल बांधून चौघंच. गटारं तुंबलेली, कचऱ्याचे ढीग. १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले आणि दोन वर्षांत तेच शहर देशातल्या स्वच्छ शहरांत मोजलं जाऊ लागलं. त्याच वर्षी राज्यातलं सरकारही बदललं होतं, त्यामुळं दीर ते श्रेय झटकन उचलतात. पण त्याच सरकारच्या हाताखालच्या सगळ्याच शहरांची तशी कीर्ती झाली नाही. सुरतेत लोक सरकारचं नाही, आयुक्तांचं नाव घ्यायचे. अधिकारी सकाळी ऑफिसात नाही, गल्लीत दिसायचे. माझ्या गल्लीचा ढीग रोज आठच्या आत उचलला जायला लागला तेव्हा खरं सांगते, त्या महिन्यात गांधीनगरात कोण बसलंय हे मला आठवायला लागायचं.

चिठ्ठ्यांचा खेळ

मागच्या गणपतीत मी वादाच्या आधीच चिठ्ठ्या करून ठेवल्या होत्या. एका बाजूला सरकारनं काय केलं ते, मागं राज्य, वर्ष, पक्ष. मोदकाच्या ताटलीत ठेवल्या आणि दोघांना म्हटलं, ओळखा, हे उजव्यांचं की डाव्यांचं की मधल्यांचं.

पहिली पाच सोपी वाटली त्यांना. महिलांच्या खात्यात दरमहा ५०० ते १००० रुपये, दुसरीत १०००, तिसरीत पुन्हा १०००, चौथीत १५००, पाचवीत २०००. भाची म्हणाली ही सगळी डावीकडची सरकारं. उलटून पाहिलं: बंगाल २०२१, तृणमूल, मध्य प्रदेश २०२३, भाजप, तामिळनाडू २०२३, द्रमुक, महाराष्ट्र २०२४, महायुती, कर्नाटक २०२३, काँग्रेस. आमच्या सोसायटीतली पोळ्यावाली त्यातले १५०० घेते आणि पक्ष कुठला विचारलं तर "लाडक्या बहिणीचा" म्हणते.

सहावी चिठ्ठी: मुख्यमंत्र्यांनी खाजगी कंपनीच्या मोटारीच्या कारखान्यासाठी शेतकऱ्यांची सुमारे हजार एकर जमीन घेतली. दीर म्हणाले, "गुजरात, आणखी कोण." मागं होतं: सिंगूर, २००६, कम्युनिस्ट मुख्यमंत्री बुद्धदेव भट्टाचार्य. कारखाना २००८ मध्ये साणंदला गेला, म्हणजे गुजरात आलंच, पण दुसऱ्या दारानं. सातवी: खाजगी उद्योगसमूहाकडून खोल समुद्राचं बंदर. करार काँग्रेस आघाडीनं २०१५ मध्ये केला, डाव्यांनी निवडून आल्यावर तो मोडला नाही, पुढं नेला. केरळचं विळिंजम. सातपैकी दिरांना दोन आली, भाचीला तीन. हा खेळ घरी करून बघा, फक्त पुरणपोळीच्या दिवशी नको, झोपा येतात.

आता शेवटचा रकाना, माझ्या मते सगळ्यात वजनाचा: "सरकार बदलल्यावर टिकलं का?" केरळात १९८२ पासून २०१६ पर्यंत दर विधानसभा निवडणुकीला आघाडी बदलली, आणि शाळा-दवाखाने कुणीही मोडले नाहीत, मोडण्याची कुणाची छाती नव्हती. तामिळनाडूत शाळेतलं जेवण १९५६ मध्ये काँग्रेसच्या कामराजांनी वाढवलं, १९८२ मध्ये अण्णाद्रमुकच्या एमजीआरनी ते पसरवलं, द्रमुकनं त्यात अंडं घातलं. एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष, पण ताट तेच. आपल्या महाराष्ट्राची रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळात उभी राहिली, वि. स. पागे यांनी ती मांडली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि पुढं देशाच्या कायद्यानं तिचाच कित्ता गिरवला. जे एका पक्षाचं राहत नाही, लोकांनाच आपलं वाटायला लागतं, तेच उजव्या रकान्यातले आकडे हलवतं, असं मला वही भरताना दिसत गेलं. बंगालमध्ये ३४ वर्षं सरकार पडायची भीतीच नव्हती, हे त्या पानावर मी म्हणूनच लाल शाईनं लिहिलं आहे.

यंदा वही भाचीनं नेली आहे. तामिळनाडूचं पान ती भरते आहे. १९५६ आणि १९८२ च्या मध्ये कुणाची सरकारं होती ते पेन्सिलनं लिहिलंय, खोडता येईल असं. दिरांनी गुजरातचं पान मागून घेतलं. १९९५ पासून सुरुवात करत होते, मी म्हटलं, भाऊजी, १९६० पासून. त्यांनी नवीन पान फाडून घेतलं.